तेवीस पॅकेजं आणि एक नंबर

२ मे, शुक्रवार

कोर्टाला सुट्टी लागली. वकीलसाहेब मुलीकडे गेले, महिनाभर टायपिंग नाही. म्हणजे आता सबबही नाही.

वि.ची वही कपाटातून काढली. माझा नवरा गेल्यापासून, सात महिन्यांत पहिल्यांदा. काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. वहीला डांबराच्या गोळ्यांचा वास आला. बाकी काही नाही.

अर्जात लिहिते तशी हकीकत क्रमाने लिहून ठेवते. हल्ली डोकं मध्येच थांबतं.

वि.च्या वाडीत नऊ घरं. मागच्या डोंगरउतारावर भेग, दरडीची भीती. वि.ने भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून तार ताणली, तारेला डबा जोडला. कारखान्यात मीटर सांभाळायचा, त्याला हे जमायचं. तार ओढली गेली की डबा त्याच्या मोबाइलवर मेसेज करायचा, किती मिलिमीटर ते. ओढ राहील तोवर अधूनमधून करत राहायचा. मग तो वाडीत फोन करायचा. उतरा, किंवा राहू द्या.

तो गेल्यावर त्याचा मोबाइल चार्जिंगला लावत राहिले. रिचार्ज मात्र केलं नाही. नंबर कायमचा बंद झाला. मला एप्रिलमध्ये कळलं. डबा अजून तिकडेच मेसेज पाठवत असणार.

नंबर डब्यातल्या मेमरी कार्डात पक्का बसवलेला आहे. वीज येते-जाते तेव्हा कार्ड खराब होऊ नये म्हणून वि.ने ते असं केलं की त्यावर नंतर काही लिहिताच येत नाही. बदलायचं तर अख्खं कार्ड नव्याने बनवायचं. त्यासाठी लिनक्सचं मशीन लागतं, विंडोजचं चालत नाही. त्याच्या लॅपटॉपची डिस्क गेली. कार्ड बनवायचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर आहे.

पावसाच्या आधी.


४ मे, रविवार

वकीलसाहेबांच्या ऑफिसातला जुना संगणक आणला. फोनवर म्हणाले, "ने गं, धूळच खातोय." दुकानदाराने त्यात लिनक्स घालून दिलं, सगळ्यात नवीन. भाषा कोणती विचारलं. मराठी म्हटलं.

वहीत पानाच्या डोक्यावर "बिल्ड होस्ट – मांडणी", म्हणजे कार्ड बनवणाऱ्या मशीनची तयारी. खाली त्याला लागणाऱ्या तेवीस पॅकेजांची, छोट्या प्रोग्रामांची नावं, वि.च्या तिरक्या अक्षरात. एका ओळीत सगळी टाइप करायची आणि एंटर.

टायपिंग माझं चुकत नाही. तरी उत्तर आलं, कुलूप मिळत नाही, दुसरं कोणीतरी वापरत आहे. घरात दुसरं कोणी नाही.

थांबले. फाइल दुसऱ्या कारकुनाकडे असली की थांबतो तशी. भांडी घासली, कपडे वाळत घातले. मशीन आपलं आपणच अपडेट होत होतं. संपल्यावर कुलूप सुटलं.

मग दुसरं. तीन पॅकेजं सापडत नाहीत. तीन नाहीत म्हणून उरलेली वीसही घेत नाही.


५ मे

मशीनने दाखवलेली चूक जशीच्या तशी नेटवर मराठीत शोधली. जगात ती कोणालाच आलेली नाही.


७ मे, बुधवार

भाषा इंग्रजी करून घेतली. आता तीच चूक हजारो लोकांना आली आहे. बरं वाटलं का? नोंद करण्याइतकं नाही.

तीन पॅकेजांपैकी दोनांची नावं बदललीत. तिसरं बंदच केलं, नव्या आवृत्तीत ते नाही. तिसऱ्यावर काट मारायला पेन उचललं आणि वि.च्या अक्षरावर काट मारवेना. बाजूला टिंब दिलं.

सुमनताईंचा फोन. वि.ची थोरली वहिनी, माझ्या जाऊबाई. थोरले दीर मुंबईला, वाडीतलं घर त्या एकट्याच बघतात. "मीना गो, करवंदं पाठवलीत कंडक्टरजवळ, साडेचारच्या इष्टीनं. डेपोत जाऊन घे. आनि खा. वाटत बसू नको."

आणली. फ्रिजमध्ये ठेवली.


९ मे, शुक्रवार

बावीस पॅकेजं उतरत होती. अर्ध्यावर वीज गेली. शेजारच्या काकू जिन्यातून म्हणाल्या, "तुझ्याकडे पण गेली का?" गेली.

आल्यावर मशीन म्हणालं, आधीचं काम अर्धवट आहे, ते पुरं कर. त्यासाठीची आज्ञा त्यानेच लिहून दाखवली. ती दिली. मग म्हणालं, पॅकेजं एकमेकांत अडकली आहेत. हे हवं तर ते हवं, त्याची हीच आवृत्ती हवी, आणि ती इथे चालत नाही.

वि. असता तर चहा मागितला असता. अडलं की चहा मागायचा. मी चहा केला. एक कप केला, हे लक्षात आलं. पहिले काही महिने दोन होत होते.


१२ मे, सोमवार

एकेक पॅकेज सुटं घेत गेले. बावीस झाली. मग वहीत लिहिल्याप्रमाणे बिल्ड सुरू करायची आज्ञा दिली.

नकार. प्रशासक म्हणून चालवू नका, साधी वापरकर्ती म्हणून चालवा. पॅकेजं घ्यायला प्रशासक व्हावं लागलं होतं, म्हणून मी सगळीकडे तेच केलं.

साधी झाले. पुन्हा नकार. ही आवृत्ती फार नवी आहे, तुमचा प्रोग्राम हिच्यावर तपासलेला नाही. आणि खाली चुकांची रांग.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आत वि.ने आवृत्ती लिहून ठेवली होती. पहिल्या दिवशी तिथे बघायला हवं होतं. दुकानदार म्हणाला सगळ्यात नवीन, मी हो म्हटलं. कोणी काही म्हटलं की हो म्हणायची सवय लागली आहे हल्ली. तेराव्याला लागली बहुतेक.


१३ मे

पुन्हा त्याच दुकानात. "मॅडम, जुनं कोण घालतं?" मला घालायचंय म्हटलं. घालून दिलं. भाषा विचारली नाही, यादीत दिसली ती मराठीच ठेवली त्याने. मीही बघितलं नाही.


१५ मे, गुरुवार

जुन्या आवृत्तीत तर एकही पॅकेज मिळेना. प्रत्येक नावापुढे "सापडले नाही". तेवीस वेळा.

दोन दिवस हेच. नावं तपासली, जोड तपासला, नेट तपासलं. आज कळलं, मुदत संपलेल्या आवृत्त्यांची पॅकेजं टाकून देत नाहीत. वेगळ्या पत्त्यावर हलवतात. मशीनला जुनाच पत्ता माहीत. एका फाइलमध्ये तो बदलला.

तेवीसच्या तेवीस आली. तिसरंही. ओळी सरकत होत्या आणि मी बघत बसले. वहीतल्या त्या टिंबावरून बोट फिरवलं.


१६ मे

बिल्ड लगेच थांबलं. इंग्रजीची मांडणी मशीनवर नाही म्हणे. मला इंग्रजी वाचायची नाही, मशीनला हवी आहे. घातली. सुरू झालं. दोन तासांनी पडलं. शेवटची ओळ: काम अपयशी.

पुन्हा लावलं. काम अपयशी.

उद्या नको. परवा वाडीत जायचं आहे, मंडळाची सभा.


१८ मे, रविवार

पोलादपूरपर्यंत इष्टी, पुढे उमरठच्या अंगाला जीप, मग चढ. वि.शिवाय पहिल्यांदाच चढले. पाय आपोआप पडत होते.

मे महिना, चाकरमानी सगळे आलेले. वाडीचं मुंबईचं मंडळ सभा एरवी तिकडे घेतं, मे महिन्यात देवळापुढे. पाणी, रस्ता, पालखी, सगळं तिथे ठरतं. डबाही मंडळाच्या परवानगीनेच बसला होता.

अध्यक्ष बाळारामभाऊ. गोल टोपी, गळ्यात टॉवेल, हातात मोबाइल. नवीन कार्ड बनतंय, नंबर एकच बसतो, कोणाचा घालायचा तेवढं सांगा, म्हटलं.

"त्यात काय विचारायचंय वहिनी? माझा टाका. मंडळाचा म्हणजे माझा. मी तिथनं पोलीस पाटलाला फोन मारतो, मॅटर खतम."

कोणीतरी मागून म्हणालं, "भाऊ, तुम्ही डुटीवर मोबाइल लॉकरात ठेवता ना?"

"आठ तास फक्त."

हशा झाला. तेही हसले. ठराव मात्र झाला. लिहूनही घेतला. मी खाली सही केली, हजर म्हणून.

नंतर सुमनताईंच्या ओटीवर. त्यांचा मोबाइल पिशवीत घालून खांबाला टांगलेला, रेंज तिथेच येते. ताई, तुमचा घालते, म्हटलं. तुम्ही इथे असता.

तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "माझा नको गो. मी एकटी बोंबलले तर कोन उतरनार? म्हनतील सुमन घाबरली. म्हाडवरनं फोन आला म्हंजे उठतात. तुझा घाल."

"ताई, मला त्यातलं कळत नाही."

"भावजींना तरी कुठं देव सांगायचा? बघायचे आनि बोलायचे. तू बोल."

 भेग बघायला गेले. तार तशीच, ताठ. भेगेत कोणीतरी गुटख्याची पुडी टाकलेली. हात घालून काढली. हात कोपरापर्यंत आत गेला.


२१ मे, बुधवार

चार वेळा लावलं. चार वेळा काम अपयशी. ती शेवटची ओळ मी किती प्रकारे शोधली.

आभाळ भरून येतंय. अजून मे संपायचा आहे. सगळे तेच म्हणतात.


२४ मे, शनिवार

चूक सापडली. माझी आहे.

वीस वर्षं निकालपत्रं हाताळली. पक्षकार आला की आम्ही शेवटचं पान उघडतो. आदेश शेवटी असतो, आधीची चाळीस पानं कोणी वाचत नाही. इथेही मी शेवटची ओळ वाचत राहिले. शेवटची ओळ एवढंच सांगते की पडलं. का पडलं ते कित्येक पानं वर होतं. त्यानंतरच्या सगळ्या चुका त्या एकीमुळे.

सकाळपासून वर सरकवत गेले. पहिली लाल ओळ: दाबून लहान केलेल्या फाइली उघडायचं एक छोटं हत्यार मशीनवर नाही.

ते तेविसांत नाही. चोविसावं. वि.ने कधीतरी असंच अडल्यावर घेतलं असेल आणि वहीत लिहायचं राहिलं असेल. आमटीत चिंच किती विचारलं की आई सांगायची, घालते अंदाजाने. तसं.

चोविसावं घेतलं. वहीत तेविसाखाली माझ्या अक्षरात लिहिलं. सरळ, टायपिस्टचं अक्षर. वेगळं दिसतं.


२५ मे, रविवार

आता नंबरची फाइल.

उघडली. वि.चा नंबर. मला पाठ आहे, तरी आकडा आकडा वाचला. बाळारामभाऊंचा ठराव पिशवीत घडी घालून ठेवलाय. वाडीने नेमलेला माणूस ते. मी कोण, वि.ची बायको, तीही महाडात राहणारी. पण ते आठ तास.

खोडायची कळ दहा वेळा दाबायची. दाबली. रिकाम्या जागेवर कर्सर लुकलुकत राहिला. मी तशीच बसून राहिले, किती वेळ ते माहीत नाही. रडू येईल असं वाटलं, वाट पाहिली. आलं नाही. खालच्या रस्त्यावर आंबेवाला ओरडत होता.

माझा नंबर घातला.


२६ मे, सोमवार

सकाळी सहाला बिल्ड लावलं. पाऊस. वकीलसाहेबांचा इन्व्हर्टरही मागून आणलेला. दुपारी दोनदा वीज गेली, मशीन चालू राहिलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला थांबलं. लाल ओळ नाही. वरपर्यंत जाऊन पाहिलं, सवय लागली आता. नाही.

कार्ड तयार. नखाएवढं. कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलं, नाहीतर हरवेल.

कोणाला सांगावं कळेना. सुमनताईंना फोन केला. "झालं का? बरं झालं. जेवलीस?"


१ जून, रविवार

वाडीत. सुमनताई कोयता घेऊन पुढे, रान माजलंय. निसरडं. डबा उघडला, जुनं कार्ड काढलं, नवं घातलं.  

ताईंना म्हटलं, तार जरा ओढा. त्यांनी बोटाने ओढली, कणगीतलं धान्य बघतात तशी, अलगद. माझ्या पिशवीत मोबाइल वाजला. "तार ३."

"आला?"

"आला."

"मंग ठीक." पदराने हात पुसला. "बाळ्याला मी सांगते. माझा चुलत दीरच लागतो, काय करनार हाय?"

जुनं कार्ड डबीत घालून घरी आणलं.


३ जून, मंगळवार

बाळारामभाऊंचा फोन. "वहिनी, ठराव काय झाला होता? मंडळाची काय व्हॅल्यू हाय की नाय?" हो म्हटलं. चुकलं म्हटलं नाही.  मग म्हणाले, "ठीक हाय. पण उद्या काय झालं तर तुमच्यावर येईल, समजून चाला. मी तुमच्या भल्यासाठी बोलतो." खरंच भल्यासाठी बोलत होते. आवाजात कळतं.


८ जून, रविवार

कोर्ट उद्यापासून. आज वहीची मागची पानं वाचली. वि.ने मेसेजच्या नोंदी ठेवल्यात. तारीख, मिलिमीटर, आणि एक शब्द.

सात. राहू द्या.
चार. उतरा.
चार. राहू द्या.
नऊ. उतरा.
दोन. उतरा.

का, ते कुठेही नाही. पुन्हा पुन्हा वाचलं. पाऊस किती होता, आधीच्या दिवशी काय, काही नाही. दोनवर का उतरवलं आणि सातवर का राहू दिलं? सुमनताईंना विचारलं. आठवून म्हणाल्या, "ते फोनवर आधी इचारायचे, पानी कसं येतंय, गढूळ का निवळ. म्हशी काय करतात. असंच कायबाय. मंग बोलायचे."

वहीत लिहून घेतलं. पाणी. म्हशी. कायबाय.


१७ जून, मंगळवार

सकाळी १०.२०. वाटपाच्या दाव्याचा अर्ज टाइप करत होते. मेसेज. "तार ५."

बाहेर व्हरांड्यात जाऊन ताईंना लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला. पाणी कसं येतंय विचारलं. "परसातलं गढूळ झालंय सकाळधरनं. पर पाऊस हाय गो, होनारच गढूळ." म्हशी? "हायत उभ्या. खात नायत जास्त."   मागे कोर्टाचा पुकारा चालू होता, कुणाचं तरी नाव.

उतरा म्हटलं.

"खरंच?"

उतरा.

नऊही घरं खाली शाळेत गेली. एक म्हातारी आजी पाटीत बसवून आणली. जनावरं गोठ्यातच राहिली. घाईत.

१२.००. तार ५.

१.१५. बाळारामभाऊ. "वहिनी, भात लावायचा टाइम हाय, माणसं शाळेत बसवलीत तुम्ही. कायतरी दिसतंय का तरी?" पाच, म्हटलं. "पाच म्हणजे किती?" मिलिमीटर, म्हटलं. शेवटी म्हणाले, "बघा. मी डुटीवरनं बाहेर येऊन उभा हाय. मोबाइल हातात हाय."

२.३०. तार ५. वकीलसाहेबांनी घरी जा म्हटलं. इथेच बसते म्हटलं, रेंज बरी आहे. अर्ज पुरा केला. एकही चूक नाही.

४.००. तार ५. पाऊस उतरलाय. शाळेत मुलं खेळतायत, फोनमध्ये आवाज येतो. दोन घरांतले पुरुष परत जायचं म्हणतायत. सकाळपासून काही हललं नाही, म्हणतात. बरोबर आहे, हललं नाही. पाच तसेच आहेत. कमीही झाले नाहीत.

४.४०. ताईंचा फोन. "मीना, म्हशी वरडतायत गो, हितपातुर ऐकू येतंय. धारंची येळ झाली. मी एकटीच जाते पटकन, दावी सोडते आनि येते. पाच मिन्टं."

थांबा म्हटलं.

"किती वेळ?"

मोबाइलकडे बघितलं. नवीन मेसेज नाही. तो कानाला लावला. त्या अजून थांबल्यात, श्वास ऐकू येतोय.

थांबा, म्हटलं. मी सांगेपर्यंत.